सरासरीचा तळ आणि नफ्याचं शिखर

प्रश्न : मॅडम, मी बी.ए. प्रथम वर्षाला आहे, विषय अर्थशास्त्र. बारावीला गणित नव्हतं. विकलनाचे नियम पाठ केले, गणितं सुटतातही. पण सीमान्त खर्चाची (आणखी एक नग करायला लागणाऱ्या जादा खर्चाची) रेषा सरासरी खर्चाच्या रेषेला तिच्या तळालाच का छेदते? वर्गात विचारलं तर 'पाठ करून टाक' असं उत्तर मिळालं. नफा त्याच बिंदूवर सर्वांत जास्त असतो ना?
– एक विद्यार्थिनी, नंदनवन, नागपूर

उत्तर : नाही, नसतो. हा घोळ मीही एम.ए.ला घातला होता आणि पेपरात ठणकावून लिहूनही आले होते.

आमच्या गोकुळपेठेत सकाळी तर्री पोह्यांचा ठेला लागतो. समज, पोहे खपोत न खपोत, त्याला रोज ५०० रुपये लागतातच. प्लेटमागे पोहे, चणे, तेल मिळून १० रुपये. शिवाय गर्दी वाढली की धांदल वाढते, तर्री सांडते, हाताखाली आणखी पोरगा लागतो, त्याचे ०.०५क्ष² धरू. क्ष म्हणजे प्लेट्स. (आकडे माझ्या मनचे. ठेलेवाल्या भाऊंना हिशेब विचारला की ते नुसते हसतात.)

एकूण खर्च = ५०० + १०क्ष + ०.०५क्ष²

शंभर प्लेट्सना २,००० रुपये, म्हणजे सरासरी २०. एकशे एक प्लेट्सना २,०२०.०५. म्हणजे पुढची प्लेट २० रुपये ५ पैशांना पडली. आता एकूण खर्चाचं विकलन कर : १० + ०.१क्ष, हाच सीमान्त खर्च. क्षच्या जागी शंभर घातले की बरोबर २०. मग ते ५ पैसे कुठले? आपण अख्खी एक प्लेट पुढे गेलो म्हणून आले. अर्धीच प्लेट पुढे जा, दर २०.०२५ येतो. पाऊल लहान करत गेलीस की तो २० ला टेकत जातो. विकलन म्हणतात ते हेच.

आता तळाचं. मे महिन्यात पाऱ्याची आजवरची सरासरी ४३ आहे आणि आज ४५ झाला, तर सरासरी चढेल. ४१ राहिला तर उतरेल. पन्नास प्लेट्सवर सरासरी २२.५० आणि सीमान्त खर्च १५, म्हणून सरासरी उतरतेय. दोनशेवर सरासरी पुन्हा २२.५०, पण सीमान्त ३०, म्हणून चढतेय. उतरणं थांबून चढणं सुरू होतं तिथे दोन्ही सारखे असायलाच हवेत. तो बिंदू शंभर.

पण सरासरीच्या तळाला विक्रीचा भाव ठाऊकच नाही, तो नफा काय सांगणार? भाव ३० धर; रांगेतल्या सगळ्याच ठेल्यांवर तेवढाच आहे. शंभर प्लेट्सवर नफा १,०००. पुढची प्लेट विसाला पडते नि तीस आणते, मग थांबायचं कशाला? सीमान्त खर्च ३० होतो दोनशेवर. तिथे नफा १,५००. हावरटपणे अडीचशे केल्या तर १,३७५.

अर्थशास्त्रज्ञ ॲल्फ्रेड मार्शल यांनी १९०६ साली संख्याशास्त्रज्ञ बाउलींना लिहिलेल्या पत्रात सांगितलं होतं की गणित लघुलिपीसारखं वापरा, मग ते इंग्रजीत उतरवा, खऱ्या आयुष्यातली उदाहरणं द्या आणि गणित जाळून टाका. तू मराठीत उतरव. उत्तरपत्रिकेतलं मात्र जाळू नकोस, पायऱ्यांना गुण असतात.

आता भाव २५ वर आण आणि पुन्हा कर. प्लेट्स दीडशे आणि नफा ६२५ यायला हवा.