ई-फुटबॉल गेममध्ये स्ट्रायकरले सुधारायचे सगळे पॉइंट शूटिंगमध्येच टाकावे का?
नको टाकू भाऊ, शूटिंग ८ पर्यंत ने अन् बाकीचे डेक्स्टेरिटी अन् लोअर बॉडीत वाट. पॉइंट महाग होत जातात ना, पहिल्या ४ पायऱ्यांले १-१, पुढच्या ४ ले २-२, मंग ३-३, म्हणजे शूटिंग १२ वर न्यायले २४ लागतात अन् तेवढ्यातच दोन गोष्टी ८-८ वर जातात, प्लसचं बटन दाबून पाह्य, स्क्रीनवरच दिसते. डेक्स्टेरिटीनं ॲक्सलरेशन अन् बॅलन्स वाढते, लोअर बॉडीनं स्पीड अन् किकिंग पॉवर. आमच्या गावात संध्याकाळी नेट अडकते, तवा डिफेंडरच्या एक पाऊल पुढं असलेला गडीच कामी येते. फक्त उंचपुरा, हेडरवाला स्ट्रायकर असन तर एरियल (हेडर अन् उडीची ताकद) आधी वाढव.