युरोपला बॅटरी पाठवण्याआधी

सुरुवात प्रमाणपत्रापासून करू नका. आधी तुमची बॅटरी कोणत्या गटात बसते ते ठरवा. युरोपीय संघाच्या २०२३/१५४२ या नियमात पाच गट आहेत आणि गट बदलला की कागदपत्रंही बदलतात. सीई खूण (माल युरोपीय नियमांत बसतो हे दाखवणारी) आणि अनुरूपतेचं घोषणापत्र (तेच उत्पादकाने लेखी देणं) मात्र सगळ्यांनाच लागतं.

खरा वेळ खातो तो बॅटरी पासपोर्ट. १८ फेब्रुवारी २०२७ पासून इलेक्ट्रिक वाहनं, ई-स्कूटर-सायकली आणि २ किलोवॅट-तासांवरच्या औद्योगिक बॅटऱ्यांना क्यूआर कोडने उघडणारी ही डिजिटल नोंद लागेल. त्यातली बरीच माहिती तुमच्याकडे नसतेच, ती सेल बनवणाऱ्याकडे असते. म्हणून कोबाल्ट, लिथियम, निकेल कुठून आलं, त्यात पुनर्वापरातलं किती, हे देण्याची अट खरेदीच्या करारातच घाला. पैसे चुकते झाल्यावर मागाल तर पुरवठादार टाळाटाळ करतात, हे मी अनेकदा पाहिलंय. ऑगस्ट २०३१ पासून वाहनांच्या बॅटऱ्यांत पुनर्वापरातलं कोबाल्ट किमान १६ टक्के आणि लिथियम ६ टक्के लागणार आहे, तेव्हा आजच विचारायला लागा.

आणि वापरलेल्या बॅटऱ्या परत गोळा करण्याची नोंदणी प्रत्येक देशात वेगळी असते. ती कोण करणार, हे तिथल्या आयातदाराशी लेखी ठरवूनच माल रवाना करा.