एन्ड्युरो सायकल देऊन जास्त खेळकर ट्रेल सायकल घ्यावी का?

घ्या.

तुम्ही लिहिलंय ते थोडक्यात असं: राहायला निपाणीत, १६० मिमी ट्रॅव्हलची (म्हणजे शॉक दबून चाक तेवढं वर-खाली होतं), २९ इंची चाकांची एन्ड्युरो, म्हणजे खड्या उतारांसाठीची सायकल, रविवारी तवंदीच्या डोंगरात आणि आसपासच्या माळावर चालवता. खड्या उतारावर भारी वाटते, बाकी सगळीकडं उसानं भरलेल्या ट्रॉलीसारखी ओढावी लागते. आणि ग्रुपमधले म्हणतात की १६० वरून १३० च्या ट्रेल सायकलवर, म्हणजे चढ-उतार दोन्हीसाठीच्या सायकलवर येणं म्हणजे मागं जाणं. हे शेवटचं वाचलं आणि लिहायला बसलो. माझा मावसभाऊ हेच वाक्य मला दरवर्षी ऐकवतो.

आधी एक गोष्ट. नुसतं ट्रॅव्हल कमी करून सायकल खेळकर होत नाही. १३० मिमीच्याही कितीतरी सायकली लांबलचक आणि ठोकळ्या असतात. बघायचं ते मागचा अर्धा भाग. बीबीपासून (पेडलचे दांडे जिथं फिरतात तो आस) मागच्या ॲक्सलपर्यंतचं माप, म्हणजे चेनस्टे, ४४५ मिमी असेल तर पुढचं चाक उचलायला अख्खं अंग मागं फेकावं लागतं. ४३० असेल तर कमरेच्या एका झटक्यात उचलतं. पंधरा मिलिमीटरनं काय होतंय, असं लोक म्हणतात. मी बेळगावात उद्यमबागेत लेथवर काम करतो, आमच्याकडं पंधरा मिलिमीटर कमी म्हणजे तो जॉबच वेगळा.

दुसरं, शॉकचा, म्हणजे मागच्या चाकाचे धक्के झेलणाऱ्या भागाचा आधार. लांब ट्रॅव्हलची सायकल पायानं दाबली की खाली बसते आणि तुम्ही उडीसाठी लावलेला जोर तिथंच जिरतो. चांगल्या १३० वाल्या फ्रेममध्ये शॉक मध्यावर अडतो, जोर जमिनीला लागतो आणि सायकल वर येते. माझा शॉक २१० बाय ५० चा आहे (२१० मिमी लांब, ५० मिमी दबणारा), म्हणजे मागच्या चाकाचे १३० मिमी शॉकच्या ५० मिमीत बसवलेत. सॅग, म्हणजे नुसतं बसल्यावर शॉक जेवढा दबतो ते, १४ मिमीवर ठेवलाय. त्याहून मऊ केला की मजा गेली.

आता आपला मुलूख बघा. बेळगाव साधारण ७५० मीटर उंचीवर, पण भोवतालचे डोंगर पठारावरून फार वर उठत नाहीत. पश्चिमेला खानापूर-जांबोटीकडं जांभा, मुरूम आणि रान. पूर्वेला जाल तसा पाऊस कमी होतो आणि काळी माती लागते. सलग मोठा उतार पाहिजे तर चोर्ल्याकडं नाहीतर तिलारीकडं, जिथं सह्याद्री खाली कोसळतो. रोज चालवायला मिळतात त्या गुरांच्या वाटा, सडे, शेताचे बांध आणि पावसानं काढलेले चर. असल्या वाटेवर १६० मिमी सहसा पुरे वापरले जात नाहीत. उरलेल्यांचं ओझं मात्र तुम्ही चढावर वाहून नेता.

तो मावसभाऊ, म्हणजे दादा, पुण्याला नोकरीला आहे. सिंहगडाच्या बाजूला चालवतो. १७० मिमीची सायकल, फुल फेस हेल्मेट, गुडघ्या-कोपरांना पॅड. चालवतोही चांगला, त्याबद्दल दुमत नाही. मी १३० वाली घेतल्याचं कळल्यावर त्यानं फोनवरच विचारलं, "अरे, लोक पुढं जातात, तू मागं कुठं चाललास?" मी म्हटलं, दिवाळीला येशील तेव्हा बोलू.

दिवाळीला तो सायकल गाडीवर बांधूनच आला. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही वडगावातून येळ्ळूरमार्गे राजहंसगडावर गेलो. भाताची कापणी चालू होती, बांधावर पेंढ्या रचलेल्या. चढावर तो मागं पडला, पण ते मी धरत नाही, पुण्यातून आदल्या रात्री आलेला माणूस.

गडाच्या मागच्या अंगानं देसूरच्या बाजूला एक गुरांची वाट उतरते. तिचा वरचा टप्पा सुट्या दगडांचा आहे. तिथं दादा मला सोडून गेला, आणि जाणारच. त्याची सायकल त्यासाठीच बनवलीय. मला दगड निवडत, चाक ठेवायची जागा बघत यावं लागलं.

मग वाट सड्यावर येते. जांभ्याच्या उघड्या फरश्या, मधेमधे वीतभर उंचीच्या पायऱ्या, कडेला करवंदीच्या जाळ्या. उतार कमी होतो आणि दादाला पेडल मारावं लागलं. मी मारलं नाही. पायरीच्या कडेला गुडघे सैल सोडायचे, पलीकडच्या उतारावर टाचा दाबायच्या, वेग तिथूनच मिळतो. सडा संपला तेव्हा मी त्याच्या मागच्या चाकाला लागलो होतो, आणि समोर चर.

दोन हात रुंद, गुडघाभर खोल. अलीकडची कड जांभ्याची, पक्की. पलीकडची मुरमाची, पाय ठेवला तरी ढासळते. अलीकडच्या कडेला चार बोटं वर आलेला एक गोल दगड आहे, वरून गुरं जाऊन जाऊन गुळगुळीत झालाय. त्याच्यावर पुढचं चाक चढलं की आपोआप हलकं होतं. दादाचा वेग तोवर मेला होता. एवढी लांब सायकल त्या वेगात उचलवेना, म्हणून त्यानं ब्रेक धरून चाक सरळ चरात घातलं. फोर्क (पुढच्या चाकाचा शॉक) तळापर्यंत बसला, चेनरिंगचा गार्ड जांभ्यावर खण्णकन आपटला आणि तो पलीकडं पाय टेकून उभा राहिला. तो बाजूला झाल्यावर मी आलो. गोल दगडावर दाबलं, उचललं, मागचं चाक मुरमाच्या पुढं जाऊन टेकलं. थांबून शॉक किती दबला ते दाखवणारी ओ-रिंग बघितली, तर शेवटापासून चार मिलिमीटर अजून शिल्लक. म्हणजे १३० सुद्धा पुरे वापरले गेले नव्हते.

दादा म्हणाला, "उगं उड्या मारालास तू."

मी म्हटलं, "दादा, जरा माझी घेऊन बघ की."

त्यानं ड्रॉपर (सीट खाली-वर करणारा दांडा) खाली केला, थोडा वर ढकलत गेला आणि आला. पहिल्यांदा मागचं चाक मुरमाच्या कडेवर पडलं. दुसऱ्यांदा पार झाला. "आयला, हे लगेच उचलतंय की रे!" मी तिथंच करवंदीच्या सावलीला बसलो आणि हा माणूस परत परत सायकल ढकलत वर नेऊन त्याच चरावरून येत राहिला. ऊन डोक्यावर आलं, पाणी संपलं, मावशीचा जेवायला या म्हणून फोन आला, तरी थांबेना.

आणि घरी ताटावर बसल्यावर सगळ्यांसमोर काय म्हणाला? "सायकल बरी हाय, पण सेफ न्हवे. चूक झाली तर सांभाळून घेत नाही."

तेव्हा पाहुणे होते, मी गप्प बसलो. इथं उत्तर देतो. मोठी सायकल चूक सांभाळून घेत नाही, ती चूक तुम्हाला कळू देत नाही. चाक चुकीच्या जागी पडलं, वजन मागं राहिलं, ब्रेक वळणात धरला, हे सगळं १७० मिमी गिळून टाकतात आणि तुम्ही तसेच वेग वाढवत जाता. मग ज्या दिवशी ट्रॅव्हल संपतं त्या दिवशी वेग एवढा असतो की पॅडसुद्धा कामाला येत नाहीत. १३० वर चूक झाली की हाताला, पायाला लगेच कळते, आणि तीही कमी वेगात. सुरक्षितपणा चांगल्या ब्रेकमध्ये आहे, पुढच्या पकडदार टायरमध्ये आहे आणि वाट वाचण्यात आहे. फोर्कच्या लांबीत नाही. दादासारखे चांगले चालवणारे लोक नवख्यांना "पहिली सायकल मोठीच घे, सेफ पडतं" असा सल्ला देतात तेव्हा मला खरंच वाईट वाटतं, कारण त्या पोरांना उडी, मॅन्युअल (पेडल न मारता पुढचं चाक उचलून चालवणं), पंपिंग (अंग दाबून-सोडून वेग घेणं) यातलं काहीच शिकायला मिळत नाही. ते फक्त बसून राहायला शिकतात.

आता तुमचं. विकायच्या आधी एक रविवार आहे तीच सायकल बदलून बघा. मागचा टायर जाड केसिंगचा असेल तर साधा घाला, दोन-अडीचशे ग्रॅम कमी होतात आणि तेही चाकाच्या घेरावरून, जिथं वजन सगळ्यात जास्त जाणवतं. शॉकमध्ये हवेची जागा कमी करणारं एक टोकन वाढवा, रिबाउंड (शॉक परत वर यायचा वेग) दोन क्लिक उघडा. फोर्कचा एअर शाफ्ट (ट्रॅव्हल ठरवणारा आतला दांडा) बदलून १५० करता येत असेल तर तेही करा. दहा मिमीला हेड अँगल (फोर्कचा जमिनीशी कोन) साधारण अर्धा डिग्री उभा होतो. एवढ्यानं सायकल जागी होते, पण लांबी जात नाही, आणि तुमची तक्रार मला लांबीचीच वाटते.

एक मात्र करू नका. तुम्ही विचारलंय की त्याच फ्रेममध्ये मागं २७.५ चं चाक टाकलं तर स्वस्तात काम होईल का. हिशोब करा. रिमचं माप ६२२ वरून ५८४ वर येतं, म्हणजे मागचा ॲक्सल १९ मिमी खाली. सव्वा मीटरच्या व्हीलबेसला हेड अँगल जवळजवळ एक डिग्री लवंडतो, आणि बीबी मागच्या चाकाजवळ असल्यामुळं तीही सुमारे १२ मिमी खाली जाते. आपल्या जांभ्याच्या पायऱ्यांवर पेडल रोज आपटेल. सीटही मागं कलते, मग चढावर पुढचं चाक भटकतं. कंपनीनं ही मापं भरून काढायला फ्लिप चिप (उलटी बसवता येणारी चकती) किंवा वेगळी लिंक दिली असेल तरच हा विचार करा.

नवीन घेताना मागं १२० ते १४०, पुढं त्याहून दहा जास्त, हेड अँगल ६५ ते ६६, चेनस्टे ४३५ च्या आत. सांताक्रूझची ५०१० ह्या जातीतली नावाजलेली: मागं १३०, पुढं १४०, आणि २०२२ मध्ये आलेल्या मॉडेलपासून पुढं २९, मागं २७.५. पण बेअरिंग आणि हँगर (मागचा गिअर अडकवायचा तुकडा) जवळपास मिळेल अशीच घ्या, नाहीतर ऐन दिवाळीत सायकल भिंतीला टेकून राहते. मापाचं विचारलंय पण उंची लिहिली नाही. दोन मापांच्या मधे असाल तर लहान.

चोर्ला-तिलारीकडचे मोठे उतार महिन्यातून दोन-तीनदा करणारे असाल तर वरचं सगळं सोडून द्या आणि १६० ठेवा, तिथं दादाचंच बरोबर आहे. पावसाळ्यात जांभ्यावर शेवाळ धरतं, तेव्हा कुठलीच सायकल खेळकर नसते. आणि खानापूरकडचं भीमगड २०११ पासून अभयारण्य आहे. तिथं आणि खानापूरच्या राखीव रानात परवानगीशिवाय सायकल घालू नका, एकानं घातली की सगळ्यांच्या वाटा बंद होतात.

निपाणीहून बेळगाव तास-दीड तासाचं. एका रविवारी तुमची सायकल घेऊन या, देसूरच्या वाटेला जाऊ. त्या चरावरून आधी तुमची न्या, लगेच माझी न्या, मग परत तुमची. दादालाही बोलावतो, जे काही बोलायचं ते त्यानं तिथं उभं राहून बोलावं.