ओळख नसताना नागपुरात मेकॅनिकलच्या विद्यार्थ्याला इंटर्नशिप कशी मिळेल?

तुझा प्रश्न थोडक्यात असा: मेकॅनिकलचं तिसरं वर्ष, सीजीपीए ६.९, पुण्या-बंगळुरूच्या ७० कंपन्यांना ऑनलाइन अर्ज केले, एकाचंही उत्तर नाही. घरात कोणाची ओळख नाही. आणि आता एकानं फोन करून सांगितलंय की २,५०० रुपये 'नोंदणी शुल्क' भर, इंटर्नशिप पक्की. वयानं बराच लहान आहेस म्हणून अरे-तुरे करतोय, राग मानू नको.

२,५०० भरू नको. ज्याच्याकडे खरं काम असतं तो फोन करून पोरांकडून पैसे मागत नाही. फार तर देत नाही.

आता त्या ७० अर्जांचं. मी हिंगणा एमआयडीसीत एका मशीन शॉपचं उत्पादन बघतो. उन्हाळा जवळ आला की पोट्ट्यांचे अर्ज माझ्याच मेलवर येऊन पडतात. दहातल्या नऊंची सुरुवात 'रिस्पेक्टेड सर, आय अ‍ॅम अ हार्डवर्किंग अँड डेडिकेटेड स्टुडंट' अशी, आणि पुढे 'युवर एस्टीम्ड ऑर्गनायझेशन'. आमच्याकडे आठ लेथ आणि दोन व्हीएमसी (संगणकावर चालणारी, धातू कापायची मशीनं) आहेत, एस्टीम्ड म्हणावं असं काही नाही. एकाच्या पत्रात तर आमच्या जागी पुण्याच्या एका गाडी कंपनीचं नाव तसंच राहिलं होतं. त्याला राग म्हणून नव्हे, पण उत्तर काय देणार?

छोट्या कारखान्यात इंटर्न आला की माझ्यासारख्याचं काम आधी वाढतं. त्याला फिरवा, चालू मशीनपासून लांब ठेवा, ऑपरेटरला समजवा, चार दिवसांनी कंटाळला तर त्याची समजूत काढा. अर्ज वाचताना माझ्या डोक्यात एवढंच असतं की हा सोमवारी सकाळी दारात उभा राहिला तर याला मी काय सांगू? अर्जात त्याचं उत्तर नसलं की मेल तसाच पडून राहतो. तुझ्या ६.९ चा इथे काही संबंध नाही. मोठ्या कंपन्या गुणांची चाळणी लावतात, आमच्याकडे मार्कशीट कोणी मागतसुद्धा नाही.

ओळखीबद्दल. मीही तुझ्याच जागी होतो. वडील शाळेत लिपिक, कारखान्याशी संबंध शून्य. मदत झाली ती कॉलेजच्या वर्कशॉपमधल्या इन्स्ट्रक्टरची, ज्यांना आम्ही दोन वर्षं फक्त 'सर, जॉबवर सही द्या ना' एवढ्यापुरतंच ओळखत होतो. त्यांनी अर्ध्या आयुष्यात जेवढे फोरमन पाहिले असतील तेवढे आमच्या प्राध्यापकांनी पाहिले नव्हते. ते म्हणाले, हिंगण्याला एक फाउंड्री, म्हणजे लोखंड वितळवून साच्यात ओतणारा कारखाना आहे, जाऊन ये.

गेलो. गेटवरच्या रजिस्टरात 'कोणाला भेटायचे' या रकान्यात 'मॅनेजर' लिहिलं. वॉचमननं विचारलं, "कोणते मॅनेजर?" नाव ठाऊक नव्हतं. परत. दुसऱ्या दिवशी सरांकडून फोरमनचं नाव घेऊन गेलो, तर म्हणे, "आत्ता पोअरिंग चालू आहे, कोणी येत नाही. दोननंतर या." मे महिन्यातले नागपूरचे दोन! टपरीच्या ताडपत्रीखाली दोन चहा आणि एक बाटली पाणी संपवून आत गेलो.

फोरमननं विचारलं, "काय करशील इथे?" मी म्हटलं, शिकेन. "ते सगळेच म्हणून राहिले." मग त्यांच्या टेबलावर रिजेक्शनचं, म्हणजे बाद मालाच्या नोंदींचं रजिस्टर दिसलं, कडा काळ्या झालेलं. घाबरतच बोललो की सर, हे एक्सेलमध्ये टाकून देतो. तेवढ्यावर त्यांनी घेतलं.

दोन वर्षांची रजिस्टरं, चार सुपरवायझरांची चार अक्षरं, त्यातलं एक तर वैद्याच्या चिठ्ठीसारखं. पंधरा दिवस नुसतं टायपिंग. मग दिसलं की जुलै-ऑगस्टमध्ये 'ब्लो होल' लिहून टाकून दिलेल्या कास्टिंगची (ओतलेल्या भागांची) संख्या बाकी महिन्यांपेक्षा चांगलीच वर जाते. कारण पुस्तकात एका ओळीत असतं: पावसाळ्यात साच्याच्या वाळूत ओल जास्त राहते, वितळलेलं लोखंड पडलं की त्या पाण्याची वाफ होते, आणि तिला बाहेर पडायला वाट मिळाली नाही की कास्टिंगमध्ये पोकळी राहते. मी मोठा शोध लावल्याच्या थाटात आलेख घेऊन गेलो. फोरमन म्हणाले, "हे आम्हाला पंधरा वर्षांपासून माहीत आहे बे." पण महिन्यावार आकडा कोणाकडेच नव्हता. वाळूच्या शेडवर पत्रे घालायला मालकाकडे पैसे मागायचे होते, त्यासाठी तो कागद त्यांनी ठेवून घेतला. पुढच्या वर्षी पत्रे पडले. माझ्यामुळे पडले असं मी म्हणणार नाही.

मानधन शून्य. दोन वेळचा चहा. पण पुढच्या प्रत्येक मुलाखतीत समोरच्यानं माझ्या सीव्हीतली हीच ओळ पकडून प्रश्न विचारले.

म्हणून ७० ऐवजी आठ-दहाच जागा निवड, पण प्रत्येक ठिकाणी काय बनतं ते आधी शोध. मेल पाच-सहा ओळींचा पुरे: मी अमुक वर्षाला, या तारखेपासून या तारखेपर्यंत रोज येऊ शकतो, तुमच्याकडे पंपाचे भाग बनतात असं कळलं, मला मोजमाप, सॉलिडवर्क्समधलं ड्रॉइंग आणि एक्सेल येतं, रिजेक्शनच्या नोंदी किंवा जुन्या ड्रॉइंगची नक्कल अशा कामात मदत करू शकतो. जे येत नाही ते लिहू नको. व्हर्नियर (बारीक मोजमापाचं साधन) नीट वाचता येतो हे लिहायला लाजू नको, तो न वाचता येणारे शेवटच्या वर्षाचे विद्यार्थी मी पाहिलेत. आठवडाभरानं एक फोन कर, आणि तेही जमलं नाही तर स्वतः जा, पण नाव माहीत करून.

सीव्ही एक पान. तयार मिळणारा प्रोजेक्ट विकत आणून कॉलेजात दाखवला असेल, तर तो सीव्हीतून गाळ. मी पहिला प्रश्नच असा विचारतो की यात बेअरिंग कोणतं बसवलंस आणि तेच का? तिथे बरेच जण गडबडतात.

जागा शोधायला हिंगण्याला एमआयडीसी इंडस्ट्रीज असोसिएशन आहे, बुटीबोरीला बुटीबोरी मॅन्युफॅक्चरर्स असोसिएशन. दोन्हीकडून कोणता कारखाना काय करतो याचा अंदाज येतो. हिंगण्याच्या बाजूला लोकमान्य नगरपर्यंत मेट्रो जाते, पुढे ऑटो. बुटीबोरी लांब आहे, उन्हाळ्यात रोज दुचाकीनं जायचं असेल तर घरच्यांशी आधी बोलून घे.

सरकारी ठिकाणांची रीत वेगळी. कोराडीचं वीज केंद्र, वेकोलि (कोळसा खाणींची कंपनी), मॉइल (मँगनीज खाणींची), वाडीचं जवाहरलाल नेहरू अ‍ॅल्युमिनियम संशोधन केंद्र, किंवा मित्रांपैकी कोणी केमिस्ट्री-पर्यावरणवाला असेल तर नीरी ही पर्यावरण संशोधन संस्था, अशा ठिकाणी कॉलेजचं पत्र लागतंच. प्राचार्यांच्या सहीला कधीकधी दोन आठवडे जातात, तेव्हा हे जानेवारीतच उरकायचं. उन्हाळी परीक्षेनंतर गेलास तर जागा भरलेल्या असतात. खरं सांगू? वीज केंद्रात तू मुख्यतः बघशील. टर्बाइन उघडलेली असताना बघायला मिळाली तर ते भाग्यच, पण हातात काम येईल ते छोट्या युनिटमध्ये. संशोधनाची आवड असेल तर भारतीय विज्ञान अकादमीची उन्हाळी फेलोशिप आहे, तिचे अर्ज आदल्या वर्षी नोव्हेंबरच्या सुमारास भरायचे असतात, म्हणजे उन्हाळ्यात जागं होऊन उपयोग नाही.

पंतप्रधान इंटर्नशिप योजनेबद्दलही विचारलंयस. २०२४ मध्ये ती सुरू झाली तेव्हाच अट होती की उमेदवार पूर्णवेळ शिकत नसावा, आणि कालावधी १२ महिन्यांचा. चालू सेमिस्टरमध्ये ती तुझ्यासाठी नाही. पदवी झाल्यावर बघ.

एक कामाची गोष्ट राहिली. इंटर्नशिप संपताना पत्र लेटरहेडवर घे, त्यावर सुरुवातीची आणि शेवटची तारीख, एकूण तास आणि काय काम केलं याची एक ओळ असू दे. मला दुसऱ्या वर्षी एका कंपनीनं महिनाभर झेरॉक्स काढायला लावलं आणि शेवटी प्रमाणपत्रावर नुसतं 'ट्रेनिंग पूर्ण केले' असं लिहून दिलं. कॉलेजनं ते धरलं नाही, श्रेयांकासाठी तास दिसायला हवे होते. पुन्हा गेटवर जाऊन उभा राहिलो, तोवर सही करणारे साहेब नोकरी सोडून गेले होते.

फोन करणाऱ्या त्या माणसाला काही कळवायची गरज नाही. ते पैसे हाताशी असतील तर आधी सेफ्टी शूज घे, चपलेत कोणी शॉपवर पाऊल ठेवू देणार नाही. उरतील ते मेट्रोच्या भाड्याला.