‘करीर’ म्हणजे नेमके कोणते झाड?

कोल्हापुरातील एका संस्कृत शिक्षिकांनी विचारले आहे की, भर्तृहरीच्या ‘पत्रं नैव यदा करीरविटपे दोषो वसन्तस्य किम्’ (करीराच्या झाडाला पानच नसेल, तर त्यात वसंताचा काय दोष?) या ओळीत ‘करीर’ कशाला म्हटले आहे. त्यांच्या कोशात ‘बांबूचा कोंब’ हा अर्थ आधी येतो, एका मार्गदर्शकात ‘निवडुंग’ असे छापले आहे, आणि दोन्ही अर्थ घेऊन ओळ नीट लागत नाही.

कोश चुकलेला नाही. अमरकोशाच्या नानार्थवर्गातच, म्हणजे अनेक अर्थांच्या शब्दांच्या विभागातच, या शब्दाचे बांबूचा कोंब, एक प्रकारचे झाड आणि घडा असे तीन अर्थ सांगितले आहेत. पहिले दोन आजही जिवंत आहेत: छत्तीसगडात ‘करील’ म्हटले की बांबूच्या कोंबांची भाजी डोळ्यांसमोर येते, तर ब्रजभूमीत त्याच शब्दाने एक काटेरी झुडूप ओळखले जाते. भर्तृहरीच्या ओळीत ‘विटप’ आहे, म्हणजे फांद्यांचे झाड हवे. कोंबाला वसंतात पाने फुटली नाहीत म्हणून कोणी वसंताला दोष देणार नाही. निवडुंगाचा अर्थ तर सरळ खोडून टाकावा. फड्या निवडुंग मूळचा अमेरिकेतला असून युरोपीय जहाजांनंतर तो इकडे आला, आणि आपल्याकडच्या चिकाच्या निवडुंगाला संस्कृतात ‘स्नुही’ हे स्वतंत्र नाव आहे.

ओळीतला करीर, म्हणजे ब्रजभूमीतले ते काटेरी झुडूप, ही मराठीतील ‘नेपती’, शास्त्रीय नाव कॅपॅरिस डेसिड्युआ. थरचे वाळवंट, सिंध, अरबस्तान आणि आफ्रिकेचा कोरडा पट्टा हे त्याचे घर असले, तरी मराठवाडा, नगर आणि सोलापूरकडच्या रुक्ष माळांवरही ते आढळते. जवळून पाहिले तर हिरव्या, सडपातळ काड्यांचा नुसता गुंता दिसतो आणि पेरापेरावर काट्यांची जोडी असते. पाने फक्त कोवळ्या फुटव्यांवर येतात, तीही बारीक, आणि लवकरच गळून पडतात. पानांवाटे होणारी पाण्याची उधळपट्टी अशी टळते, अन्न तयार करण्याचे काम हिरव्या काड्याच करतात आणि खोल गेलेली मुळे पाणी शोधून आणतात. राजस्थानात याच्या कच्च्या फळांना ‘केर’ म्हणतात. ती कडवट असल्याने काही दिवस मिठाच्या पाण्यात किंवा ताकात मुरवून मग लोणच्यात किंवा केर-सांगरीच्या भाजीत घालतात. (त्यातली सांगरी म्हणजे खेजडीच्या, म्हणजेच शमीच्या शेंगा; कोल्हापूरच्या दसरा चौकात दसऱ्याला जिचे पूजन होते ती हीच शमी.)

आता मूळ ओळीकडे वळू. मार्च-एप्रिलमध्ये हेच पर्णहीन झुडूप विटकरी-तांबड्या फुलांनी भरून जाते. म्हणजे वसंत करीराला विसरतो, असे मुळीच नाही. कवीने ‘पुष्पं नैव’ न म्हणता ‘पत्रं नैव’ म्हटले आहे, आणि माझ्या मते ही निवड डोळसपणे केलेली आहे. ‘करंट्या झाडावर वसंतातही काही उगवत नाही’ असा जो सैल भावार्थ वर्गात सांगितला जातो, तो म्हणूनच टाळावा. पान नसणे हा या झाडाचा जन्मजात स्वभाव आहे, आणि ललाटीचे लिखित पुसता येत नाही असे म्हणणाऱ्या श्लोकाला नेमका तोच दृष्टान्त हवा होता. तेव्हा तळटीप ‘करीर: नेपती, जवळजवळ पर्णहीन काटेरी झुडूप’ एवढी पुरेशी आहे.

कोल्हापुरात, पंचगंगेच्या ओलिताच्या खोऱ्यात, नेपती शोधूनही सापडणे कठीण. विद्यार्थ्यांना निदान तिच्या कुळातले काही दाखवायचे असेल, तर आषाढी एकादशीचा उपवास सोडताना द्वादशीला जिच्या फळांची भाजी करतात ती वाघाटी दाखवावी. ती पानांनी भरलेली वेल असल्यामुळे दिसायला अगदी वेगळी आहे, परंतु प्रजाती तीच, कॅपॅरिस, आणि फुलातून बाहेर डोकावणाऱ्या लांब केसरांचा झुबका दोघींतही सारखाच आढळतो.