काळ्या मातीवरचं घर: वाचकांचे प्रश्न

या वेळच्या टपालात निम्म्याहून अधिक पत्रं नागपूरच्या बेसा, बेलतरोडी, हुडकेश्वर, मनीषनगर या भागांतली आहेत. शहर तिकडेच वाढतंय, तेव्हा आश्चर्य नाही. सारख्या प्रश्नांचं एकत्र उत्तर दिलं आहे.

प्रश्न : आमचं दुमजली रो-हाऊस आहे. ताबा घेऊन तीन वर्षं झाली. हॉलच्या खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी भेग निघाली आहे. मागचं दार पावसाळ्यात चौकटीत अडकतं आणि उन्हाळ्यात आपोआप सुटतं. बिल्डर म्हणतो, प्लास्टरची भेग आहे, पुट्टी भरून घ्या. (बेसा)

पुट्टी भरू नका, कारण भेग हाच तुमचा पुरावा आहे. प्लास्टरची भेग केसासारखी बारीक असते, जाळ्यासारखी पसरते आणि तिला ऋतूशी देणंघेणं नसतं. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी निघणारी, एका टोकाला रुंद आणि दुसऱ्या टोकाला निमुळती भेग म्हणजे घराचा एखादा भाग वर-खाली होतोय. जोडीला दार पावसाळ्यात अडकत असेल, तर संशय सरळ काळ्या मातीवर घ्यायचा. ही माती पाणी प्यायली की फुगते, वाळली की आक्रसते. मे महिन्यात शेतात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, तीच ही माती.

आधी भेग जिवंत आहे का ते पाहा. तिच्याभोवतीचा रंग खरवडा आणि काचेची पातळ पट्टी भेगेवर आडवी ठेवून दोन्ही टोकं अराल्डाइटने चिकटवा. भेगेच्या टोकांवर पेन्सिलीने खूण करून तारीख लिहा. मे ते जानेवारी दर महिन्याला फोटो काढा. काच तडकली तर हालचाल चालू आहे. सामाईक भिंतीपलीकडच्या शेजाऱ्यांकडेही हेच करा. दोन्हीकडे एकाच रेषेत भेग असेल तर बिल्डरला तोंड फिरवता येत नाही.

मग दोष कुठे आहे ते शोधायचं. भिंती ठीक, पण खोलीच्या मधोमध फरशी वर आलेली आणि ठोकल्यावर पोकळ वाजते, असं असेल तर पाया बहुधा बरा आहे. जोत्याच्या भरावात पायाच्या खोदाईतली काळी मातीच परत ढकलली आहे. ती जागेवर फुकट मिळते आणि मुरमाच्या ट्रकला पैसे पडतात, म्हणून हा प्रकार सर्रास होतो. उपाय खर्चिक असला तरी सरळ आहे. फरशी काढा, दोन-अडीच फूट माती उपसा, सहा-सहा इंचाच्या थरांत मुरूम टाकून पाणी मारत धुम्मस करा (ठोकून घट्ट बसवा), वर चार इंच काँक्रीट आणि मग फरशी.

भिंतीच हलत असतील तर ज्या कोपऱ्याजवळ भेग आहे तिथे बाहेरून फुटिंगच्या, म्हणजे पायाच्या रुंद बैठकीच्या, तळापर्यंत खड्डा घ्या. हे काम स्ट्रक्चरल इंजिनिअरच्या देखरेखीखालीच करा. फुटिंग मुरमावर बसलं आहे की काळ्या मातीत अधांतरी आहे, ते डोळ्यांना दिसतं. काळी माती फार खोल असेल तिथे अंडर-रीम्ड पाइल, म्हणजे तळाशी फुगीर केलेले खांब घालायला हवे होते. ते आता घालता येणार नाहीत, पण हालचाल बरीच कमी करता येते. घराभोवती तीन-चार फूट रुंद, बाहेर उतार असलेला काँक्रीटचा पट्टा करा. भिंतीलगतची फुलझाडांची वाफी काढा. गळका नळ किंवा फुटलेलं चेंबर असेल तर ते सगळ्यात आधी दुरुस्त करा, कारण एकाच कोपऱ्याला बारमाही पाणी मिळणं हे सगळीकडे सारखं भिजण्यापेक्षा वाईट. भेग भरायची ती एक पूर्ण पावसाळा आणि एक उन्हाळा पट्टी शाबूत राहिल्यावर.

प्रकल्प महारेरात, म्हणजे रेरा कायद्याखालच्या राज्याच्या प्राधिकरणात, नोंदलेला असेल तर ताब्यापासून ५ वर्षांत निघालेला बांधकामाचा दोष बिल्डरने ३० दिवसांत विनामूल्य दूर करायचा असतो. लेखी नोटीस फोटोंसह आत्ताच द्या. घर घेणाऱ्या इतरांसाठी एक सूचना : भूखंड ५०० चौरस मीटरपर्यंत असेल किंवा घरं ८ पर्यंत असतील, तर रेरा नोंदणी सक्तीची नाही. आठ रो-हाऊसचे गट एवढे का दिसतात, हे त्यावरून लक्षात यावं.

प्रश्न : ३० बाय ५० च्या प्लॉटवर रो-हाऊस घेत आहोत. ले-आउटमध्ये सिवर लाइन नाही. बिल्डर प्रत्येक घराला सेप्टिक टँक, शोषखड्डा आणि बोअरवेल देतो आहे. चालेल का? (हुडकेश्वर)

टँक चालेल, पण शोषखड्डा आणि बोअर एकत्र चालणार नाहीत. पिण्याच्या पाण्याचा स्रोत आणि शोषखड्डा यांत १८ मीटर, म्हणजे साधारण ६० फूट अंतर हवं. तुमच्या प्लॉटचा कर्णसुद्धा ५८ फुटांचा आहे. समोरासमोरच्या कोपऱ्यांत दोन्ही ठेवले तरी बसत नाही, आणि शेजाऱ्याचा खड्डा वेगळाच. तेव्हा त्या बोअरचं पाणी धुण्या-पुसण्याला वापरा. पिण्याच्या पाण्याची सोय काय, ते करारात लिहून घ्या.

टँकचं माप : पाच माणसांसाठी आतून १.५ मीटर लांब, ०.७५ मीटर रुंद आणि पाण्याची खोली १ मीटर. दहा माणसांसाठी २ मीटर बाय ०.९. पाहुणेरावळे धरून मोठं मापच घ्या. पावसाचं पाणी त्यात कधीही सोडू नका, कुजण्याची क्रिया पुरी व्हायच्या आत मैला बाहेर ढकलला जातो.

शोषखड्डा काळ्या मातीतच संपत असेल तर त्याची विहीर होते. तो मुरमापर्यंत उतरला पाहिजे. चाचणी स्वतः घेता येते. खड्ड्याच्या तळाच्या पातळीवर एक फूट चौकोनी भोक घ्या आणि रात्रभर पाण्याने भरून ठेवा. दुसऱ्या दिवशी पाणी एक इंच उतरायला किती वेळ लागतो ते घड्याळात पाहा. अर्ध्या तासाच्या आत उतरलं तर शोषखड्डा काम करेल. रात्रभर भिजवणं टाळू नका. उन्हाळ्यात कोरड्या भेगा पाणी गटागट पितात आणि खोटा भरवसा देतात.

प्रश्न : मे महिन्यात स्लॅब टाकायचा आहे. ठेकेदार म्हणतो, सात दिवस तराई (पाणी देणं) पुरे आणि सातव्या दिवशी सेंट्रिंग (खालचा आधार) काढू. (दिघोरी)

गोणीवर काय छापलं आहे ते वाचा. बाजारातलं बहुतेक सिमेंट राखमिश्रित पीपीसी असतं. नागपूरच्या कोरड्या उन्हात साध्या ओपीसीला किमान १० दिवस आणि पीपीसीला १४ दिवस पाणी लागतं. पाइपने दिवसातून दोनदा शिंतोडे उडवणं म्हणजे तराई नव्हे, दुपारी ते तासाभरात उडून जातं. स्लॅबवर सिमेंट-रेतीच्या मसाल्याचे आळे बांधून दोन इंच पाणी साठवा.

सेंट्रिंगचं उत्तर गाळ्यावर, म्हणजे दोन आधारांमधल्या अंतरावर ठरतं. साडेचार मीटरपर्यंतच्या स्लॅबचे टेकू ७ दिवसांनी निघतात, त्याहून मोठ्याचे १४ दिवसांनी. बीम ६ मीटरपर्यंत १४ दिवस, त्यापुढे २१. हे आकडे साध्या सिमेंटचे आहेत, पीपीसी असेल तर आणखी थांबा. बाल्कनी आणि छज्जाचे टेकू सगळ्यात शेवटी काढा.

खरी गडबड मात्र स्लॅबच्या दिवशीच होते. सकाळी दहानंतर मालाला ताठरपणा येतो आणि मजूर पाण्याची बादली ओततो. ५० किलोच्या एका गोणीला २५ लिटर पाणी धरलं असेल, तर पाच लिटर जास्तीने पाण्याचं सिमेंटशी प्रमाण ०.५ वरून ०.६ होतं आणि ताकद चांगलीच घसरते. रेती ओली असेल तर तिच्यातलंही पाणी यातच मोजायचं. गिट्टी आदल्या संध्याकाळी भिजवा, काम पहाटे सुरू करा, आणि पृष्ठभागावर थापी फिरवून होताच त्यावर प्लास्टिक किंवा ओली पोती टाका. नाहीतर दुपारपर्यंत वरच्या अंगाला भेगा दिसतील.

बाल्कनीत लोखंडाच्या सळ्या वरच्या बाजूला असतात. घमेली घेऊन चालणारे मजूर त्या तुडवून खाली बसवतात आणि बाल्कनी वाकते ती त्याने. तिथे लोखंडी चेअर (सळ्या उचलून धरणारे आधार) लावून वर फळ्या टाका. खालच्या जाळीला २० मिलिमीटरचे कव्हर ब्लॉक, म्हणजे सळ्यांखाली ठेवायचे ठोकळे हवेत, गिट्टीचे तुकडे नकोत. ताकद तपासायला काँक्रीटचे सहा क्यूब (ठोकळे) भरून घ्या, तीन ७ दिवसांसाठी आणि तीन २८ दिवसांसाठी. ठेकेदार कुरकुरेल, पण माल मोजून टाकेल.

प्रश्न : नवीन फ्लॅटमध्ये कूलर कुठे बसवायचा? नकाशात जागाच दिसत नाही. (मनीषनगर)

नमुना फ्लॅट एसी लावून दाखवतात, म्हणून हा प्रश्न ताब्यानंतर आठवतो. ८० लिटरची टाकी भरली की पाण्याचंच वजन ८० किलो, वर कूलरचं वेगळं. ते छज्जावर टेकवू नका. भिंत उभारण्यापूर्वी बीममध्ये अडकवलेला लोखंडी स्टँड मागून घ्या. शेजारी पाण्याचा नळ, सांडपाण्याचा पाइप आणि नीट अर्थिंग असलेला पॉइंट हवा. घराच्या बोर्डात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच) असायलाच हवा, कूलरच्या शॉकने दर उन्हाळ्यात माणसं दगावतात. समोरची खिडकी उघडी राहील अशी खोली निवडा. हवा बाहेर पडली नाही तर कूलर नुसती दमट वाफ देतो.

प्रश्न : एकाची जाहिरात ११५० चौरस फुटांची, किंमत ५२ लाख. दुसरा १०८० चौरस फूट म्हणतो, किंमत ४८ लाख. स्वस्त कोणता? (नरेंद्रनगर)

दोघांनाही रेराचा कार्पेट, म्हणजे घरातलं वापराचं क्षेत्रफळ, विचारा. समजा तो ७२० आणि ६४० निघाला. पहिल्याचा चौरस फुटाचा दर ७,२२२ रुपये, दुसऱ्याचा ७,५००. म्हणजे ४८ लाखांचा महाग. कार्पेटमध्ये आतल्या भिंती धरतात, बाहेरच्या भिंती, बाल्कनी आणि गच्ची धरत नाहीत.

करारनामा नोंदवण्यापूर्वी १० टक्क्यांहून जास्त रक्कम देऊ नका, बिल्डरला ती घेताही येत नाही. बांधकाम चालू असताना ५ टक्के जीएसटी लागतो. भोगवटा प्रमाणपत्र मिळाल्यानंतरच्या खरेदीवर लागत नाही. विक्रीपत्रात जमिनीतला अविभक्त हिस्सा किती टक्के, ते पाहा. सगळ्या फ्लॅटचे हिस्से मिळून १०० भरले पाहिजेत.

प्रश्न : 'ग्रामपंचायतीची मंजुरी आहे' असं सांगून प्लॉट विकत आहेत. (उमरेड रोड)

महानगर क्षेत्रात नकाशा एनएमआरडीएने (नागपूर महानगर प्रदेश विकास प्राधिकरण) मंजूर केलेला हवा. ग्रामपंचायतीच्या शिक्क्यावर बँक कर्ज देत नाही. ती कसोटी पुरेशी आहे.

प्रश्न : आमचा जुना बंगला पाडून पार्किंगवर चार मजले होत आहेत. २०२३ मध्ये घरात पाणी शिरलं होतं. करारात काय लिहावं? (धरमपेठ)

२३ सप्टेंबर २०२३ ला अंबाझरी तलाव ओसंडला, तेव्हा पाणी भिंतीवर कुठवर चढलं त्याची खूण बंगल्यात अजून असेल. पाडण्यापूर्वी ती उंची रस्त्याच्या मध्यापासून मोजा आणि आकडा करारात घाला. विजेचे मीटर आणि लिफ्टचं पॅनेल त्या खुणेच्या किमान दोन फूट वर असावं. मुसळधार पाऊस सुरू झाला की लिफ्ट वरच्या मजल्यावर नेऊन बंद करायची, हे चौकीदाराला ठाऊक हवं. गटाराच्या जोडणीवर एकतर्फी झडप बसवा, पूर आला की मैलापाणी तिथूनच उलटं येतं. भूमिगत टाकीचं तोंड जमिनीलगत ठेवू नका. पार्किंगमध्ये अडथळा होतो म्हणून बिल्डर नाही म्हणेल. तसं असेल तर टाकी गाड्यांच्या जागेतून हलवून जिन्याखाली घ्या आणि तोंडाला पुराच्या खुणेपर्यंत काँक्रीटची कडा बांधा.