तिकीट काढलंय, पण जाऊ की नको?

दिवाळीच्या आसपास पुण्यातल्या समुपदेशकांकडे एक प्रश्न हमखास येतो. गोव्याच्या किनाऱ्यावर तीन दिवसांचा म्युझिक फेस्टिव्हल आहे, सगळ्या ग्रुपने तिकिटं काढली आहेत, माझंही काढलंय. आता जाऊ की नको? विचारणारा बहुधा विशीतला असतो. दोन दिवसांनी त्याच घरातून आईचा फोन येतो: पाठवू की नको? २००७ साली कांदोळीच्या किनाऱ्यावर सनबर्न सुरू झाला, तेव्हापासून ‘डिसेंबरात गोवा’ या शब्दांचा अर्थ बदलला, आणि घराघरांतली काळजीही बदलली.

या प्रश्नाला ‘जा’ किंवा ‘जाऊ नको’ असं उत्तर समुपदेशक देत नाही. पण तो सोडवायचा कसा, हे माझ्याकडे समुपदेशनाला आलेल्या एका मुलीच्या केसवरून सांगता येतं. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

ती २३ वर्षांची. घर कोथरूडला, नोकरी हिंजवडीत, हातात पडणारा पगार ३२ हजार. सप्टेंबरात विसर्जन मिरवणुकीच्या रात्री लक्ष्मी रोडवर ती गर्दीत अडकली. मागून ढकलाढकली, समोर स्पीकरची भिंत. छाती धडधडायला लागली, बोटं बधिर झाली, श्वास पुरेना आणि ‘आपण आत्ता इथेच मरणार’ असं खात्रीने वाटलं. दवाखान्यात ईसीजी आणि थायरॉईडची तपासणी नॉर्मल आली. तो पॅनिक अटॅक होता. मानसोपचारतज्ज्ञांनी एस्सिटॅलोप्राम ही चिंता कमी करणारी गोळी, १० मिलिग्रॅम, सुरू केली आणि समुपदेशनासाठी पाठवलं. तेव्हापासून तिने तुळशीबाग सोडली होती, गर्दीच्या वेळची मेट्रो सोडली होती, सिनेमाला गेलीच तर कडेची खुर्ची. फेस्टिव्हलचं तिकीट मात्र त्याआधीचं, जुलैतलं, सवलतीत काढलेलं आणि परत न होणारं.

“मॅडम, साडेसहा हजार गेले ना मग,” हे तिचं पहिलं वाक्य.

पैशांचं आधी मिटवलं, कारण ते सगळ्यात सोपं होतं. तिला विचारलं, “हेच तिकीट आज कुणी फुकट दिलं असतं, तर गेली असतीस का?” गेलेले साडेसहा हजार दोन्ही बाजूंना गेलेलेच आहेत. हिशेब करायचा तो पुढच्या खर्चाचा. तिने लिहिलं: बस जाऊन-येऊन ३,६००, खोलीचा वाटा ६,०००, खाणंपिणं ४,५००, तिथलं फिरणं २,०००. म्हणजे आणखी १६,१००, अर्धा पगार. आता खरा प्रश्न समोर आला: या तीन दिवसांसाठी मी १६ हजार देईन का? ती थोडा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, “दोन दिवसांसाठी देईन. तिसऱ्या दिवशीचे आर्टिस्ट मला आवडतच नाहीत.” तीन दिवसांचं तिकीट म्हणजे तिन्ही दिवस जायलाच हवं असं नाही, हे तोपर्यंत ग्रुपमध्ये कुणी म्हटलंच नव्हतं.

मग भीती. तिने ती एकच समजून आणली होती. कागदावर मांडल्यावर तीन निघाल्या. पुन्हा अटॅक येईल, ही तिची स्वतःची. तिथे ड्रग्ज असतात, कुणी काही प्यायला दिलं तर काय, ही आईची. मी आले नाही तर ग्रुपमधून हळूहळू बाजूला पडेन, ही मैत्रिणींमुळे आलेली. तिन्हींचे उपाय वेगळे आहेत. एकत्र ठेवल्या की डोकं फक्त ‘नको’ म्हणतं, किंवा ‘बघू’ म्हणून तिकिटाच्या तारखेपर्यंत ढकलत राहतं.

अटॅकच्या भीतीवर सगळ्यात जास्त वेळ दिला, आणि तसाच द्यायला हवा. अशा ठिकाणी बाससारखे खालचे सूर कानांपेक्षा छातीत जास्त जाणवतात. ज्याला अटॅक येऊन गेलाय, त्याचं मन आतल्या प्रत्येक ठोक्यावर पहारा देत असतं. बाहेरून आलेला दणका त्याला स्वतःच्या हृदयाची धडधड वाटते, तो घाबरतो, श्वास वरवर आणि भराभर घेतो, त्याने बोटांना मुंग्या येतात, मुंग्यांनी आणखी घाबरतो. लक्ष्मी रोडवर नेमकं हेच झालं होतं. गर्दी हे निम्मं कारण होतं, निम्मं स्पीकर. हे कळल्यावर तिचा चेहरा बदलला. आपल्या हृदयात काही बिघाड नाही, हे ईसीजीने सांगूनही जे पटलं नव्हतं, ते इथे पटलं.

डॉक्टरांना विचारून सराव सुरू केला. पहिले दोन आठवडे घरात: एक मिनिट जागच्या जागी पळायचं, एक मिनिट खुर्चीवर गोल फिरायचं, एक मिनिट नाक बंद करून बारीक स्ट्रॉमधून श्वास घ्यायचा. प्रत्येकाच्या पाच फेऱ्या, आणि प्रत्येक फेरीनंतर भीतीचा आकडा ० ते १० मध्ये लिहायचा. धडधड मुद्दाम आणायची आणि काहीही न करता ती ओसरताना बघायची. अटॅक साधारण दहा मिनिटांत टोकाला जातो आणि अर्ध्या तासात बहुतेक उतरतो. पळून गेलं की उतरताना बघायची संधीच मिळत नाही, म्हणून भीती तशीच राहते.

तिसऱ्या आठवड्यापासून बाहेर. शनिवारी संध्याकाळी तुळशीबागेत १५ मिनिटं, मैत्रीण सोबत. पुढच्या वेळी ३० मिनिटं, एकटी. मग सकाळी नऊची मेट्रो. मग नगर रोडवरच्या एका लॉनवरचा दोन तासांचा कार्यक्रम, स्पीकरच्या समोर उभं राहून. इथे बहुतेक जण एक चूक करतात: आकडा सातवर गेला की निघून येतात. मग मेंदू इतकंच शिकतो की निघालो म्हणून वाचलो. आकडा निम्म्यावर येईपर्यंत जागा सोडायची नाही, श्वास चार मोजून आत, सहा मोजून बाहेर. तुळशीबागेत तिचा आकडा पहिल्यांदा ८ होता, चौथ्यांदा ३. लॉनवर मधेच ६ झाला आणि वीस मिनिटांत २ वर आला. मधल्या एका आठवड्यात मात्र तिने एक दिवस चुकवला आणि दुसऱ्या दिवशी मेट्रोतून एक स्टेशन आधीच उतरली. असं होतं. पुढच्या वेळी तेच स्टेशन पुन्हा.

तिने विचारलं, “मग तिथे अटॅक आला तर निघायचंच नाही का?” हा प्रश्न महत्त्वाचा आहे. भीतीने पळणं वेगळं आणि निघावंसं वाटलं तर निघता येणं वेगळं. दुसरं नसेल तर जाऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. म्हणून जाण्याच्या तयारीपेक्षा निघण्याची तयारी आम्ही जास्त बारकाईने केली.

पुणे ते उत्तर गोवा साधारण साडेचारशे किलोमीटर, बसने दहा-बारा तास. पुण्याच्या बहुतेक बस म्हापशाहून संध्याकाळी सुटतात. म्हणजे रात्री दहाला निघावंसं वाटलं तर पुण्याची वाट दुसऱ्या दिवसापर्यंत बंद. त्या रात्रीची वाट फक्त खोलीपर्यंत. मग खोली कुठे आहे, यावर सगळं अवलंबून. ग्रुपने स्वस्त म्हणून १४ किलोमीटरवरची खोली ठरवली होती. गोव्यात रात्री, हजारो माणसं एकदम बाहेर पडत असताना, पुण्यासारखी मोबाइलवरून रिक्षा मिळेल असं धरून चालू नये. तिने ग्रुपशी बोलून चालत वीस मिनिटांवरची खोली घ्यायला लावली. प्रत्येकी १,२०० जास्त. खोलीच्या दोन किल्ल्या, त्यातली एक तिच्याकडे. परतीच्या भाड्याचे आणि एका रात्रीच्या वेगळ्या खोलीचे ६ हजार स्वतःच्या खात्यात बाजूला, दोन हजार रोख. ओळखपत्र आणि परतीचं तिकीट स्वतःकडे. आणि एक मैत्रीण, जिने आधीच कबूल केलंय की ‘चल’ म्हटलं की ती गाणं अर्धं टाकून खोलीपर्यंत येईल. सगळ्यांनी मिळून कबूल करणं म्हणजे कुणीच न करणं. एकीचं नाव ठरवायचं. गर्दीत नेटवर्क बसतं, म्हणून भेटायची एक जागा आणि एक वेळ, आणि दोन फोन नंबर कागदावर.

उभं कुठे राहायचं, हेही आधी ठरवलं: मैदानाच्या मधोमध साउंड कन्सोल असतो, त्याच्या मागे. आवाज तिथेच सगळ्यात चांगला जुळवलेला असतो आणि कठड्यामुळे समोरून रेटा येत नाही. स्टेजपुढच्या गर्दीत माणसं खांद्याला खांदा लागून हलायला जागा उरली नाही की बाजूला व्हायचं. रेट्याच्या विरुद्ध ढकलायचं नाही. हात छातीपुढे आडवे धरून, रेटा सैल झाला की तिरकं कडेला सरकायचं. पडलेला फोन उचलायला वाकायचं नाही. कानात इअरप्लग, चांगले प्लग १५ ते २० डेसिबल कमी करतात. कानांना ८५ डेसिबलला आठ तास चालतात, दर तीन डेसिबलला वेळ निम्मी होते, आणि १०० डेसिबलला ती १५ मिनिटांवर येते. तिच्यासाठी प्लगचा दुसरा फायदाही होता: आवाजावर आपला ताबा आहे ही जाणीव.

आईच्या भीतीसाठी आई-बाबांना बोलावलं, तिची संमती घेऊन. ती सज्ञान आहे; तिने सांगितलेलं तिच्या परवानगीशिवाय घरी पोचत नाही, हे त्यांनाही आधी सांगितलं. बाबा वर्षानुवर्षं सवाई गंधर्वला जाणारे. रमणबागेत रात्रभर बसलेल्या मैफलींबद्दल बोलताना त्यांचे डोळे चमकले, आणि मग स्वतःच म्हणाले, “माझ्या आईलाही तेव्हा झोप लागत नसणार.” आई मात्र गप्प होती. बऱ्याच वेळाने म्हणाली, “काही झालं तर ही आम्हाला फोन करणार नाही. आम्ही ओरडू म्हणून.”

खरी गोष्ट ही होती. म्हणून करार झाला तो दोन्हीकडून. तिने सकाळी ११ आणि रात्री ८ ला फोन करायचा, खोलीवर पोचल्यावर एक मेसेज. आणि तिचा अवेळी फोन आला, तर आई-बाबांनी त्या वेळी एकही प्रश्न विचारायचा नाही. कुठे आहेस, काय हवंय, एवढंच. बाकीचं घरी आल्यावर. हे वाक्य बाबांनी तिच्यासमोर मोठ्याने म्हटलं. ज्या घरांत हे वाक्य म्हणता येत नाही, तिथे मूल खोटं सांगून जातं, आणि खोटं सांगून गेलेलं मूल अडचणीत सापडलं तर फोन करायला उशीर करतं.

ड्रग्जबद्दल आडपडदा न ठेवता बोललो. बाळगणं हासुद्धा १९८५ च्या एनडीपीएस या अमली पदार्थांच्या कायद्याखाली गुन्हा आहे; दुसऱ्याची पुडी ‘दोन मिनिटं ठेव’ म्हणून पर्समध्ये घ्यायची नाही. एस्सिटॅलोप्रामसारखी गोळी चालू असताना एमडीएमए या पार्टीतल्या ड्रगचा परिणाम अनेकांना कमी जाणवतो, म्हणून त्याचीच आणखी एक मात्रा घेतली जाते, आणि धोका तिथे वाढतो. गोव्यात १८ व्या वर्षी दारू पिता येते, महाराष्ट्रात बिअरला २१ आणि कडक दारूला २५. त्यामुळे ‘तिथे चालतं’ हे वाक्य ग्रुपमध्ये येतंच. दारूबद्दल तिने डॉक्टरांना विचारलं आणि नको असं ठरवलं. दारू प्यायची म्हणून गोळी बंद ठेवणंही चूक. गोळी अचानक थांबवली की चक्कर, बेचैनी आणि कधी अटॅकच परत येतो. एनर्जी ड्रिंकसुद्धा नको: २५० मिलीच्या डब्यात सुमारे ७५ ते ८० मिलिग्रॅम कॅफिन, आणि धडधडीला तेवढं निमित्त पुरतं. स्वतःचा ग्लास खाली ठेवला तर तो सोडून द्यायचा. नाचताना तासाला साधारण अर्धा लिटर पाणी, एकदम दोन-तीन लिटर नाही. काही घेतलेल्या माणसाने नुसतं पाणी पीत राहिलं तर रक्तातलं मीठ धोकादायक पातळीवर उतरू शकतं. कुणी तापलेलं असेल, असंबद्ध बोलत असेल, जबडा आवळलेला असेल तर कुशीवर झोपवून मेडिकल तंबूकडे किंवा १०८, आणि काय घेतलं ते डॉक्टरला खरं सांगायचं. अंधारात समुद्रात उतरायचं नाही. तेव्हा किनाऱ्यावर जीवरक्षक नसतात.

मैत्रिणींचं राहिलं होतं. त्याला एक वाक्य पुरलं, तेही तिनेच बनवलं: “मी दोन दिवस आहे, तिसऱ्या दिवशी दुपारी झोपणार आणि संध्याकाळी म्हापशाहून निघणार.” कारण द्यायचं नाही, माफी मागायची नाही. कारण दिलं की समोरचा ते खोडून काढतो.

ती गेली. त्याच महिन्यात आलेला १९ वर्षांचा एक मुलगा मात्र गेला नाही. पैसे मित्राचे, गाडी मित्राची, घरी ‘लोणावळ्याला जातोय’ असं सांगितलेलं. निघायचं झालं तर कसं निघशील, याला त्याच्याकडे उत्तर नव्हतं, आणि हे त्याला स्वतःलाच बोलता बोलता दिसलं. त्याने पुढच्या वर्षासाठी महिन्याला हजार रुपये बाजूला टाकायला सुरुवात केली.

जानेवारीत ती आकड्यांचा कागद घेऊन आली. पहिल्या रात्री ४. दुसऱ्या रात्री पावणेनऊला ७, कन्सोलच्या मागे, बास सुरू झाल्यावर. ती तिथेच थांबली, श्वास मोजला, मैत्रिणीचा हात धरला. वीस मिनिटांनी ३. मग शेवटच्या गाण्याआधी अर्धा तास दोघी निघाल्या, गर्दी सुटायच्या आत, आणि चालत खोलीवर गेल्या. आईला मेसेज १० वाजून ५ मिनिटांनी.

तिने कागदाच्या मागच्या बाजूला नवीन यादी सुरू केली होती. वर लिहिलं होतं: विसर्जन, लक्ष्मी रोड. पहिली पायरी आम्ही दुपारची ठेवली, मानाच्या गणपतींच्या वेळेची, बोळाच्या तोंडाशी उभं राहून, २० मिनिटं.